रेव्हरंडसाहेबांचा पेटा

इगुंझा मिशन प्राथमिक शाळा,
१८ फेब्रुवारी १९८५

वन्संना रिस्पाचा सलाम.

आधी चांगली बातमी देते, म्हणजे पुढची वाचायला अंगात बळ राहील. तुमची लेक मिदेवा आमच्याकडे राहून चाचणीत पहिली आली. यंदा नव्यानं सुरू झालेल्या आठवीच्या वर्गाला अजून छप्पर नाही, पोरं ॲव्होकाडोच्या झाडाखाली बसतात, मधूनच एखादं फळ कुणाच्या तरी टाळक्यात पडतं, तरीही पहिली. हे म्हणाले, "आमच्या घराण्यात डोकं आहेच." मी म्हटलं, "आहे ना, पण ते सगळं वन्संकडे गेलं." हसले नाहीत. तुमचे बंधू हल्ली हसतच नाहीत. का ते आता सांगते.

परवाच्या शनिवारी चर्चचे शिक्षण-चिटणीस रेव्हरंड जाफेथ ओडांगा आमची शाळा बघायला आले. तुम्हाला ठाऊक आहे, आपल्या मिशन शाळांचं सगळं सुखदुःख त्यांच्या सहीत असतं. छपराचे पत्रे मंजूर करायचे त्यांनी, हेडमास्तरची, म्हणजे तुमच्या बंधूंची, बदली करायची त्यांनी. त्यामुळे आठवडाभर शिकवणं बंद आणि झाडलोट सुरू. दगडांना चुना फासला, झाडांच्या बुंध्यांना फासला, मध्ये एक शेळी आली तर तिलाही थोडा लागला.

जेवण आमच्याकडे होतं. मी कोंबडा केला. त्याचा पेटा, तो पोटातला दाणे दळणारा चिवट गोळा, चिरून साफ केला आणि वाडग्यात सगळ्यात वर ठेवला, माझ्या या हातांनी ठेवला वन्सं, आणि झाकण लावून बैठकीत नेऊन ठेवला. रेव्हरंड म्हणाले, "जेवणाआधी मला जरा डोळे मिटून एकांतात मनन करायचंय." मग सगळे बाहेर. शाळा समितीचे अध्यक्ष शद्राकबाबा (तुमच्या लग्नात उपदेश करता करता ज्यांनी जेवण गार केलं होतं तेच) पोरांकडून स्वागतगीत घोटून घेत होते. थोड्या वेळानं सगळे वडीलधारे आत येऊन हात धुऊन बसले. शद्राकबाबांनी झाकण उचललं, आणि पेटा नाही!

तुम्ही आपल्याच मातीतल्या, तुम्हाला काय सांगायचं. पाहुण्याच्या तोंडात पेटा गेल्याशिवाय आपल्यात कुणी घासाला हात लावत नाही. इथं पेटाच गायब. मंडळी मक्याच्या पिठाच्या उगालीकडे बघत बसली आणि उगाली गार होत बसली. शेवटी रेव्हरंडच मऊ आवाजात म्हणाले, "असू द्या. लेकरं आहेत. मोह होतो."

त्या 'असू द्या'नं घात केला हो! ओरडले असते तर परवडलं असतं. हे काम लेकरांपैकीच कुणाचं, हे तिथल्या तिथं ठरून गेलं. आणि त्या वेळात बैठकीत एकच मुलगी गेली होती, हात धुवायचं पाणी ठेवायला. आठवीतली आहे. नाव आत्ताच लिहीत नाही, चौकशी व्हायची आहे.

पत्र्यांच्या कागदावर सही न करताच रेव्हरंड गेले. शद्राकबाबा म्हणाले, "पेटा गेला, पत्रे गेले." तेव्हापासून तुमच्या बंधूंचं हसू गेलंय. तुमच्या यजमानांना सलाम सांगा.

तुमची,
रिस्पा


नाकुरू,
२६ फेब्रुवारी १९८५

प्रिय रिस्पास जेरिदाचा सलाम.

तुझं पत्र उभ्यानं वाचत होते ते वाचता वाचता खाली बसले. जवळ खुर्ची नव्हती, तरी बसले.

माझ्या भावाच्या घरात, पाहुण्याच्या ताटात पेटा नाही! आमच्या आईनं आख्ख्या जन्मात पेटा कसा लागतो ते जाणलं नाही, आणि त्याचा तिला केवढा अभिमान होता. बाईच्या जातीनं त्याला हात लावायचा नसतो हे आम्ही दूध पिता पिता शिकलो. आणि ही कोण कार्टी रेव्हरंडसाहेबांच्या वाडग्यात हात घालते? तिला अजून शाळेत ठेवलीय कशाला? तुझा नवरा भोळा आहे, लहानपणापासून तसाच. शेजारच्या पोरांनी मारलं तरी "मीच मध्ये आलो" म्हणायचा. तू तरी कडक हो.

आणि त्या मुलीच्या आईला बोलवून घे. मुली अशा निपजतात त्या आईमुळे. मी तिथं असते तर त्या बाईला रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभी केली असती आणि विचारलं असतं, बाई गं, काय शिकवलंस तू पोरीला? घरात खायला घालत नाहीस का?

रेव्हरंडसाहेबांचं मात्र कौतुक वाटतं. एवढा अपमान झाला आणि माणूस म्हणतो असू द्या! असा माणूस विरळा.

मिदेवा पहिली आली हे वाचून ह्यांनी रेल्वेच्या अख्ख्या कचेरीत सांगितलं. तिला त्या चोरटीच्या वाऱ्यालाही उभी राहू देऊ नकोस. तिचा अभ्यास, तिची प्रार्थना आणि तुझं घर, याच्यापलीकडे कुठं जाता कामा नये.

तुझी,
जेरिदा


इगुंझा,
१० मार्च १९८५

वन्संना सलाम.

तुमचं पत्र वाचलं. मिदेवाला त्या मुलीच्या वाऱ्याला उभी राहू देऊ नको म्हणता, ते जरा अवघड आहे. दोघी एकाच वर्गात, एकाच बाकावर म्हणा ना.

इथं आता समिती बसली आहे. पेट्याची चौकशी समिती म्हणायला शद्राकबाबांना लाज वाटली. पूर्वजांच्या चालीरीती सोडा म्हणून दर रविवारी तेच सांगतात, आता पेट्यासाठी समिती कशी म्हणणार? म्हणून तिचं नाव 'आदरातिथ्य शुद्धी समिती'. बाबा स्वतः अध्यक्ष. महिला मंडळाच्या बेलिसीकाकू सभासद. हे हेडमास्तर म्हणून टिपणं घेतात, म्हणजे मान खाली घालून बसतात.

काकूंचं तर विचारूच नका. बुधवारच्या प्रार्थनेत डोळे मिटून म्हणतात, "हे प्रभो, कुणाच्या पोटात काय गेलंय ते तू जाणतोस, मी नाव घेणार नाही, पण ती मुलगी हेडमास्तरांच्या घरी येते-जाते..." मी एक डोळा उघडून बघितलं, तर काकूंचाही एक डोळा उघडा! नाव न घेताच सगळ्या डोंगरभर झालं. परवा बाजारात केळीवाली मला म्हणाली, "तुमच्या त्या पेटेवाल्या पोरीसाठी आम्हीही प्रार्थना करतोय." प्रार्थना कसली, टवाळी नुसती.

समितीनं मुलीला बोलावलं. शद्राकबाबा म्हणाले, "पोरी, खाल्लास ना?"

"नाही बाबा."

"सगळ्या शाळेसमोर कबूल कर, चर्चची मंडळी तुला क्षमा करेल."

"खाल्ला नाही तर कबूल काय करू?"

"कबूल केल्याशिवाय क्षमा कशी मिळेल?"

"म्हणजे क्षमा मिळवायला मी आधी खोटं बोलू?"

हे 'उद्धट वर्तन' म्हणून लिहून घ्यायला सांगितलं. आता ठरलंय असं की सत्र संपायच्या आत मुलीनं कबुली दिली नाही, तर रेव्हरंडांच्या सहीनं तिचं नाव शाळेतून काढायचं आणि दाखल्यावर कारण लिहायचं. असा दाखला बघून दुसरी कोणती मिशन शाळा तिला घेईल? वर्षअखेर आठवीची मोठी परीक्षा आहे. पोर हुशार आहे वन्सं, फार हुशार आहे. तिचं सगळं वाटोळं होईल. आणि मला विचाराल तर ती खरं बोलतेय. खोटं बोलणारं लेकरू असं तोंडावर बघत नाही.

तुम्हाला एक विचारते. समजा, ती आपल्यातली असती तर?

तुमची,
रिस्पा


नाकुरू,
२१ मार्च १९८५

प्रिय रिस्पास सलाम.

आज मी तुला अशी बातमी देणार आहे की तू त्या पोरीबिरीला विसरशील. रेव्हरंड जाफेथ ओडांगा आमच्या घरी राहून गेले! हो, आमच्या रेल्वेच्या दोन खोल्यांत! नाकुरूला त्यांचं काही महत्त्वाचं काम होतं, चर्चकडून निरोप आला आणि ह्यांनी लगेच हो म्हटलं. शेजारच्या सगळ्या बायका कसलं ना कसलं निमित्त काढून मीठ मागायला आल्या.

काय माणूस आहे गं! साधेपणा तर बघायचा. मी कोंबडी केली, पेटा वर ठेवून समोर नेली, तर हात जोडून म्हणाले, "बहिणी, मी सध्या मांस वर्ज्य केलंय." नुसती पेज, केळ्याचा लगदा आणि रस्सा. रश्श्यातही भाकरी कुस्करून कुस्करून खायचे, जणू प्रत्येक घासाला आशीर्वाद देताहेत. हसताना तोंडावर रुमाल धरतात, इतकी नम्रता. बोलतातही फार कमी, आणि हळू.

रोज सकाळी स्टेशनजवळ एका डॉक्टरांकडे जायचे. डॉक्टर आपल्या धर्माचा नाही. मला वाटतं त्याला प्रभूकडे आणायची खटपट चाललीय. केवढी तळमळ! पहिल्या दिवशी परत आले तर गाल सुजलेला, डोळ्यांत पाणी. त्या अश्रद्ध माणसासाठी किती रडले असतील बिचारे. मी काही विचारलं नाही. पवित्र माणसाला काय विचारायचं?

जाताना मी तुझ्याकडच्या मुलीचा विषय काढला. म्हटलं, "रेव्हरंडसाहेब, तुम्ही फार क्षमाशील आहात म्हणून लोक डोक्यावर बसतात. त्या कार्टीच्या बाबतीत दया दाखवू नका. सही करा आणि मोकळे व्हा." रुमाल पुन्हा तोंडाला लावून म्हणाले, "बहिणी, सोडून देता आलं तर बरं." मी म्हटलं, "मुळीच नाही!" तेव्हा मान खाली घालून म्हणाले, "मग बघू. समिती म्हणेल तसं." माझा शब्द त्यांनी मानला, एवढं तुला कळावं म्हणून लिहिलं.

तू विचारतेस, आपल्यातली असती तर? अगं, आपल्यातली असती तर मी स्वतः तिचं नाव कापलं असतं. न्याय म्हणजे न्याय.

तुझी,
जेरिदा


इगुंझा,
२७ मार्च १९८५

वन्सं,

सलाम राहू द्या, आज सरळच लिहिते.

ती मुलगी तुमची मिदेवा आहे.

पाणी ठेवायला मीच तिला पाठवलं होतं. महिना उलटून गेला, मी तुमच्यापासून लपवलं, कारण वाटलं प्रकरण आपोआप विझेल. आणि तुमची पत्रं आली की मला सांगायचा धीर होत नव्हता. त्या पोरीला चोरटी म्हणणारं तुमचं पत्र मी चुलीत घातलं, तिच्या हाती लागू नये म्हणून. आता तुम्ही खुद्द रेव्हरंडांच्या कानात जाऊन 'सही करा' सांगून बसलात. बारा एप्रिलला समिती आमच्याच घरी बसणार आहे. ते येतील, जेवतील आणि तुमच्या पोरीचं नाव काढतील.

चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभ्या राहायला तुम्ही केव्हा येताय ते कळवा, खाटेवर तुमचं अंथरूण घालून ठेवते.

रागानं लिहिलं, पण खोडत नाही. मिदेवा पाठांतर करता करता मध्येच थांबते आणि विचारते, "मामी, आईला कळलं का? आई काय म्हणाली?" मी म्हणते, "आई म्हणाली अभ्यास कर." तुमचे बंधू रोज ठरवतात की समितीपुढे बोलायचं, आणि रोज बदलीच्या धाकानं गिळतात. मी त्यांना काय म्हणायचं ते म्हणून झालंय.

पण तुमचं शेवटचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. वन्सं, तुम्ही माझ्याहून शहाण्या, मला एवढं सांगा. प्रार्थनेनं माणसाचा एकच गाल सुजतो का हो? आणि भाकरी कुस्करून कोण खातं? आमच्या गल्लीत एक म्हातारे खातात, पण त्यांना दात नाहीत.

तो डॉक्टर कसला डॉक्टर आहे, एवढं जरा बघून या.

रिस्पा


नाकुरू,
१ एप्रिल १९८५

रिस्पा, रिस्पा, रिस्पा!

तुला माझी शपथ आहे, आधी मिदेवाला जवळ घे आणि मग हे पत्र वाच.

माझ्या पोरीवर पेट्याचा आळ? कोण तो शद्राक? आयुष्यात चुन्याशिवाय कशाला हात लावला नाही त्या माणसानं! आणि पेटा पेटा काय लावलंय? पवित्र शास्त्रात पेटा कुठं आहे ते दाखव म्हणावं. जुन्या अडाणी लोकांच्या कल्पना! बाईनं खायचा नाही म्हणे. का नाही? कोंबडी वाढवते कोण, कापते कोण, साफ करते कोण? मी पहिल्या दिवसापासून हेच म्हणत होते. (माझं आधीचं पत्र जाळलंस ते बरं केलंस. दुसरंही जाळ.)

मी गेले त्या डॉक्टरकडे. दारावर हा एवढा मोठा दात रंगवलेला आहे, रोज त्याच रस्त्यानं बाजारात जाते आणि माझ्या कधी डोळ्यांत भरला नाही. आत जाऊन सरळ म्हटलं, "रेव्हरंड ओडांगांचं सामान न्यायला आलेय." समोर बसलेली मुलगी म्हणाली, "कवळी ना? खालची ते घेऊन गेले. वरची या आठवड्यात होईल, ते स्वतः येणार आहेत. नव्या कवळीनं सुरुवातीला मऊच खायचं, एवढी आठवण त्यांना करून द्या." मी म्हटलं, देते हं, चांगली देते.

कळलं का तुला? तेव्हाच त्याच्या दाढा खिळखिळ्या झालेल्या असणार. सगळ्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पेटा चावायचा म्हणजे त्याची फजितीच होणार होती! म्हणून मनन! आणि वर 'लेकरं आहेत, मोह होतो'! मी त्याला माझ्या हातानं केळी कुस्करून घातली गं. माझ्या पोरीचं नाव कापणाऱ्याला!

आता ऐक. मला यायचंय, पण ह्यांना ताप आहे, घर सोडता येत नाही. किसुमूच्या बसच्या टपावर एक टोपली पाठवतेय. आत आमचा म्हातारा कोंबडा आहे. ह्या कोंबड्यानं गेल्या वर्षी पोस्टमनला पळवून लावलं होतं. त्याचा पेटा कसा असेल याचा विचार कर. बारा तारखेला तोच करायचा. पेटा वर ठेवायचा. आणि ह्या वेळी कुणाला मननबिनन करू द्यायचं नाही.

मिदेवाला सांग, आईला कळलं आणि आई म्हणाली की तू खरी आहेस.

जेरिदा


इगुंझा,
१४ एप्रिल १९८५

वन्संना खूप खूप सलाम.

तुमचा कोंबडा सुखरूप पोचला. कंडक्टरच्या बोटाला पट्टी होती, त्यावरून ओळख पटली.

समिती काल नाही परवा बसली. मी कोंबडा भरपूर शिजवला, तरी मऊ झाला म्हणवत नाही. पेटा मात्र लवकर बाहेर काढून बाजूला ठेवला होता. देव मला क्षमा करो, आणि नाही केली तरी चालेल.

रेव्हरंड आले. छान दिसत होते, दात पांढरे शुभ्र. आल्या आल्या म्हणाले, "थोडं मनन..." मी म्हटलं, "मनन जेवणानंतर करा रेव्हरंडसाहेब, मागच्या वेळी मननानं फार घोळ झाला." सगळ्यांना बसवलं आणि वाडगा मिदेवाच्या हातात दिला. तिनं तो त्यांच्या पुढ्यात ठेवला, झाकण काढलं आणि रीतीप्रमाणे पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभी राहिली. पेटा वरच होता, मुठीएवढा. रेव्हरंडांनी पेट्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. पोरीनं नजर खाली केली नाही.

घातला तोंडात. दुसरं करणार काय? सगळे बघत होते.

चावायला लागले. आम्ही थांबलो. ते चावतच होते. शद्राकबाबा कौतुकानं म्हणाले, "चवीनं खाताहेत." आणखी चावलं. उगालीवर साय धरायला लागली. वेळ काढायला बेलिसीकाकूंनी एक गीत धरलं, सगळी कडवी म्हणून झाली, तरी रेव्हरंड चावताहेत. कपाळावर घाम. डोळे बाहेर. मिदेवा हळूच म्हणाली, "पाणी देऊ?"

त्यांनी 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि टक् करून सगळं वाडग्यात! पेटा, आणि पेट्याला घट्ट धरून बसलेली वरची कवळी. पेट्यावर एक ओरखडा नव्हता.

रेव्हरंडांनी रुमालात तोंड लपवलं आणि चक्क रडायला लागले. बोबडं बोलत होते, पण सगळं कळलं. म्हणाले, "त्या दिवशी मीच टाकला. खिडकीतून. तुमच्या कुत्र्याला. एवढ्या लोकांत मला चावता आला नसता तर... माझ्या वयाची, माझ्या पदाची... मला लाज वाटली. आणि मग सांगायची आणखी लाज वाटली." वन्सं, खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांची दया आली. पण मग मी मिदेवाकडे पाहिलं आणि दया आवरली.

तुम्हाला वाटेल, झालं, सुटलो. मलाही तसंच वाटलं. पण समिती म्हणजे काय चीज असते ते पुढं ऐका. शद्राकबाबा उठले, कवळीवर हातरुमाल टाकला आणि म्हणाले, "रेव्हरंड दमलेत. ते काय बोलताहेत ते त्यांचं त्यांना कळत नाही. आपल्या चिटणीसांनी पेटा कुत्र्याला घातला असं बाहेर गेलं तर चर्चची काय शोभा राहील?" काकू म्हणाल्या, "काहीच नाही राहणार." मग त्यांनी ठराव केला. ऐकताय ना? फेब्रुवारीतल्या त्या कोंबड्याला मुळात पेटाच नव्हता! मी म्हटलं, "बाबा, मी माझ्या हातानं साफ केला होता." तर म्हणाले, "देवाला काहीही अशक्य नाही, रिस्पा."

आणि ठरावाचा दुसरा भाग असा, की मंडळीनं मिदेवाला मोठ्या मनानं क्षमा केली आहे. मी विचारलं, "पेटाच नव्हता, तर क्षमा कशाची?" म्हणाले, "उद्धटपणाची. शिवाय क्षमा एकदा ठरलेली आहे, ती वाया कशाला घालवायची?"

तेव्हा तुमचे बंधू उठले. मला वाटलं लघवीला चाललेत. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "मी हे लिहिणार नाही. बदली करायची तर करा." बोलले हो, एकदाचे बोलले! इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की मी एका पुरुषाशी लग्न केलंय. रेव्हरंडांनी खाली मान घालूनच पत्र्यांच्या कागदावर सही केली, मिदेवाचं नाव काढायचा कागद फाडला आणि न जेवता गेले. ठराव शेवटी शद्राकबाबांनीच लिहिला.

नाव राहिलं, पण एक मेख मारून ठेवलीय. येत्या रविवारी मिदेवानं चर्चमध्ये उभं राहून क्षमेबद्दल मंडळीचे आभार मानायचे. नाही मानले तर वर्षअखेरच्या दाखल्यावर 'उद्धट' लिहिणार, आणि दाखल्यावरचा शेरा समिती देते, म्हणजे तो शद्राकबाबांच्या हातात आहे. ती म्हणते, "आभार मी मानणार नाही." हे म्हणतात, "उभी नको राहू." मला काही सुचत नाही. तुम्ही आई आहात, तुम्ही सांगा.

तुमची,
रिस्पा


नाकुरू,
१७ एप्रिल १९८५

रिस्पा,

उभी राहू दे. काय बोलायचं ते तिला ठरवू दे. तिला शिकवायला जाऊ नकोस, तुझ्या नवऱ्यालाही जाऊ देऊ नकोस. मी इतके दिवस पुष्कळ बोलले, आता तिला बोलू द्या.

माझ्या भावाला सांग, मला त्याचा अभिमान वाटला. हे वाचताना मी रडले.

जेरिदा


इगुंझा,
२२ एप्रिल १९८५

आई,

मी शुक्रवारच्या बसनं येतेच आहे, पण एवढं पोटात राहणार नाही म्हणून लिहिते.

काल चर्च गच्च भरलं होतं. केळीवालीसुद्धा आली होती, ती एरवी दुसऱ्या चर्चला जाते. उपदेश झाल्यावर शद्राकबाबा पुढं आले आणि म्हणाले, "आता ही मुलगी उभी राहून मंडळीचे आभार मानेल." मी उभी राहिले. मामी रडत होत्या. मामा रडत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

मी प्रार्थना म्हणायच्या आवाजात म्हणाले, "शद्राकबाबा, बेलिसीकाकू आणि सगळी मंडळी, मी पेटा खाल्ला नाही. तुम्ही मला चोर म्हणालात. माझं नाव न घेता माझ्यासाठी प्रार्थना केलीत. मला वर्गात कुणी शेजारी बसू देत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. तरी मी तुम्हा सगळ्यांना क्षमा करते, प्रभूच्या नावानं."

आई, 'प्रभूच्या नावानं' ऐकलं की सगळ्यांचे डोळे आपोआप मिटतात. सगळ्यांनी डोळे मिटून मोठ्यांदा 'आमेन' म्हटलं. शद्राकबाबांनी सगळ्यांत मोठ्यांदा म्हटलं.

मग एकेकाचे डोळे उघडायला लागले. बेलिसीकाकू शेजारणीला म्हणाल्या, "अगं, ही काय म्हणाली?" शद्राकबाबांचं तोंड उघडं राहिलं. ते मामांकडे वळून म्हणाले, "मास्तर, हे मागे घेता येईल का?" मामा म्हणाले, "आमेन म्हटलंय बाबा. आता काही करता येत नाही."

त्यानंतर गीत म्हणायचं होतं, पण ते कुणालाच सुरू करता येईना. शेवटी मीच सुरू केलं.

तुझी,
मिदेवा